फोड सुनेला, चटका सासूला

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो, की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मीही तेच सांगणार... फरक एवढाच, की मला विश्वास न ठेवण्याचा पगार मिळतो. मी सरकारी आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ आहे. माहेर नांदेडचं, नोकरी लातूर जिल्ह्यात, बावीस वर्षं झाली. "हा रोग देवाच्या कोपाने होत नाही, पापाने होत नाही, करणीने तर नाहीच, जंतूने होतो आणि गोळ्यांनी बरा होतो" हे वाक्य मी झोपेतही म्हणते असं आमचे मिस्टर सांगतात. तेव्हा उद्या एखाद्या पेशंटने हा लेख माझ्यासमोर धरून "मॅडम, तुम्हीच तर लिहिलंय" म्हटलं, तर माझी चांगलीच पंचाईत होणार आहे. तरी लिहितेय, कारण जिच्यासोबत हे घडलं तिनेच लिहा म्हणून सांगितलंय.

नावं बदलली आहेत. गाव चाकूर आणि शिरूर अनंतपाळच्या मधलं, एवढंच सांगते. रस्त्याला लागून किराणा दुकान, त्यामागे बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली भाकरीची चूल. दुकानातल्या बाकड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत मध्ये दोन भिंती आहेत आणि दारं एका रेषेत नाहीत, म्हणजे बाकड्यावर बसून आतलं काही दिसत नाही. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागेल.

घरात कस्तुरबाई — सत्तरीला टेकलेल्या, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की वेशीवरच्या माणसाने वळून बघावं. दुकान बघणारा त्यांचा मुलगा बसवराज. सून महानंदा, माहेर देवणीचं, तिशीतली, कमी बोलणारी. आणि तिची सहा वर्षांची लेक.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरोघरी तपासणीची मोहीम चालू होती. गावातली आशाताई रेखा माझ्यासोबत होती. सकाळचे अकरा वाजत आलेले.

"शरणार्थ मॅडम, बरं झालं आलात," कस्तुरबाई म्हणाल्या, आणि आम्ही काही विचारायच्या आत रिपोर्टांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. उजवा हात भाजतो... दीड वर्षापासून. लातूरला दाखवलं, नांदेडला दाखवलं, नसांची मशीनवर तपासणी झाली, मानेचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरने मनाचं दुखणं आहे असं सांगितलं, तो राग अजून गेलेला नव्हता.

"मन का हातात ऱ्हातंय का मॅडम? करंगळीला निखारा लावल्यावानी व्हतंय. रोज. सकाळी अकराला अन् सांजच्याला सातला. टायमावर."

जंगमांकडून दोरा बांधून झाला होता, कैलासाला पोचलेल्या सासूच्या नावाने अन्नदान झालं होतं. दुकानात बसणं सुटलं, नातीची वेणी घालणं सुटलं. सगळं घर त्यांच्या हाताभोवती फिरत होतं. मी महानंदाकडे बघून विचारलं, हिची तब्येत कशी?

"हिला काय धाड भरलीय," कस्तुरबाई म्हणाल्या. "ताप न्हाई, थंडी न्हाई. दुखणं म्हणून ठाव न्हाई हिला. हात तर असा पक्का हाय, तव्यावरली भाकर बोटानं उलटती. गावात कुनाचं लगीन असलं की पयलं हिला बोलावतेत."

रेखानेही मान डोलवली. "हाव मॅडम, महानंदावहिनीला चटकाच बसत न्हाई. उकळतं पातेलं हातानं उतरवती."

आमच्या भागात हे कौतुकाने सांगतात. ज्वारीची भाकरी हाताने उलटणारी, निखाऱ्यांच्या आरावर हाताने फिरवणारी बाई म्हणजे सुगरण. मीसुद्धा असं कौतुक कितीदा ऐकलं असेल आणि हसून सोडून दिलं असेल. त्या दिवशी मात्र मी महानंदामागे स्वयंपाकघरात गेले, तर तिने गॅसवरून चहाचं पातेलं खरंच नुसत्या हाताने उचललं, सावकाश, काही घाई न करता, आणि मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून कस्तुरबाईंचा आवाज आला, "आगं आई गं... आलं बगा, आलं."

मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. मला दुसरंच दिसत होतं. करंगळी किंचित वाकलेली, कातडी कोरडी, बोटांवर जुन्या फोडांचे डाग. मी महानंदाला बाजूला घेतलं आणि तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला चाचपलं. नस सुतळीसारखी जाड लागली. दंडावर मागे फिकट चट्टा होता, तिलाही माहीत नसलेला. आमची साधी तपासणी असते — पेशंटने डोळे मिटायचे, आम्ही बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं, जिथं कळलं तिथं तिने बोट ठेवायचं. अंगठ्याकडे तिने बरोबर दाखवलं. करंगळीकडे, तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागावर आणि तळव्याच्या त्या कडेला ती गप्प बसून राहिली.

"टेकवा ना मॅडम," ती म्हणाली. मी चार वेळा टेकवून झालं होतं.

आणि एव्हाना आत येऊन दाराशी टेकून, डोळे मिटून बसलेल्या कस्तुरबाई करवादल्या, "कोन टोचून राहिलंय गं?" त्या आपली करंगळी चोळत होत्या.

मला वाटलं, म्हातारी किलकिल्या डोळ्यांनी बघतेय. सुनेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं की काही सासवांना लगेच काहीतरी होतं, हे मी बावीस वर्षांत भरपूर पाहिलंय. लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं, इथं सुनेला टोचावं आणि सासूने बोलावं... मनातल्या मनात मी हसलेसुद्धा. त्याची लाज आजही वाटते.

रोगाचं नाव सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात वाईट भाग. मी नेहमीचं सगळं सांगितलं. वर्षभर गोळ्या, फुकट मिळतात, पहिला डोस गेला की दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही, एका ताटात जेवलात तरी चालेल. नस सुजलीय म्हणून वेगळ्या गोळ्या. गरम भांड्याला सांडशी, भाकरीला उलथनं, आणि रोज डोळ्यांनी हात तपासायचा, कारण हात स्वतःहून काही सांगणार नाही.

कस्तुरबाईंनी रिपोर्टांची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजी महारोग."

महानंदाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाली, "मॅडम, मला तर काहीच दुखत नाही." हे वाक्य मी शेकडो तोंडांतून ऐकलंय. आपल्याकडे न दुखणं म्हणजेच तब्येत चांगली. मी शोधत फिरते तो रोग नेमका तिथेच दबा धरून बसतो.

पुढच्या आठवड्यात गोळ्यांचं पाकीट घेऊन गेले तर महानंदा घरात नव्हती. "आठ दिस माहेरला गेलीय," बसवराज म्हणाला, माझ्याकडे न बघता. लेकीला ठेवून घेतलं होतं, शाळा बुडू नये म्हणून. असे आठ दिवस मी पाहिलेत. त्यातले काही अजून संपलेले नाहीत. मी बसवराजला फटकारलं, समजावलं. तो ऐकून घेत होता. कस्तुरबाई आतून बाहेर आल्याच नाहीत. मी गोळ्या देवणीच्या बाजूला पाठवण्याची व्यवस्था केली आणि महानंदाला फोनवर सांगितलं, काही झालं तरी डोस चुकवायचा नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "लेकीची वेणी कोण घालतंय, बघितलं का मॅडम?" मी बघितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मला कस्तुरबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"मॅडम, येळ बदललीय."

"कशाची वेळ?"

"चटक्याची. अकराला काईच येत न्हाई आता. सकाळी साडेसहाला येऊन राहिलाय. मी अजून अंथरुणात असती. काल तर करंगळीला असा बसला की मी उठून हात पाण्यात घातला. हितं तर चूलबी पेटलेली नसती तवा."

मी काहीतरी सांगून फोन ठेवला. मग बसल्या बसल्या मनात आलं ते इतकं वेडगळ होतं की मी आधी चहा करून घेतला. नंतर देवणीला फोन लावला आणि महानंदाला, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं — तिकडे भाकरी किती वाजता करतेस?

"सकाळी साडेसहाला. भाऊ पहिल्या गाडीने कामावर जातो, त्याचा डबा असतो."

"काल काही भाजलं का?"

"सांडशी घ्यायची विसरले मॅडम. फोड आलाय. करंगळीला." मग घाईने म्हणाली, "दुखत नाही पण."

चाकूरच्या अलीकडे झोपलेल्या बाईला देवणीच्या चुलीची वेळ कशी कळली? नवऱ्याला विचारलं. ते कॉलेजात फिजिक्स शिकवतात. म्हणाले, योगायोग. मग म्हणाले, सून गेल्यावर सासूची झोपेची वेळ बदलली असेल. मग म्हणाले, दोघींचं फोनवर बोलणं होत असेल. बोलणं होत नव्हतं, हे मला दोन्हीकडून माहीत होतं. शेवटी ते पेपर तपासायला बसले.

कस्तुरबाईंना हे सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. सांगितलं तर मीच अंधश्रद्धा पसरवल्यासारखं होणार. नाही सांगितलं तर एक बाई देवणीला बोटं भाजत बसणार आणि दुसरी इकडे हात पाण्यात घालत बसणार. तिसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली, गेले आणि सांगितलं — जेवढं माहीत आहे तेवढंच, अर्थ न लावता.

त्या ऐकत होत्या. एकदाच विचारलं, "फोड कंच्या बोटाला?" मी सांगितलं. त्यांनी आपली करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, महानंदाने सांगितलंय. दुसऱ्या दिवशी कस्तुरबाई मुलाला घेऊन देवणीत हजर. महानंदाच्या आईने पाणी दिलं, ते घेतलं. मग सुनेला समोर बसवून, शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या असताना, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि फोडाभोवती बोट फिरवून बघितलं. "तीन आठवडे कोणी हाताला हात लावला नव्हता मॅडम," महानंदा म्हणाली. "आईनेसुद्धा." आणि विहीणबाईंना कस्तुरबाई म्हणाल्या, "फोड हिच्यापाशी अन् चटका माझ्यापाशी. असं दोन गावात कसं चालंल? नेती मी हिला."

ती परत आली. आता माझ्यातली तपासनीस मला गप्प बसू देईना. खरं सांगते, मला ते खोटं पाडायचं होतं.

कस्तुरबाईंना मी दुकानातल्या बाकड्यावर बसवलं, तोंड रस्त्याकडे. शेजारी रेखा, तिच्या हातात तळहाताचं चित्र असलेला कागद. कस्तुरबाईंना काही जाणवलं तर त्या आपल्या हातावर दाखवणार, रेखा चित्रावर टिंब देणार आणि मोबाईलमधली वेळ लिहिणार. बसवराज दुकानाबाहेर. मी आणि महानंदा स्वयंपाकघरात, दार लावून. माझ्याकडे तसाच कागद. मी पेन टेकवत गेले, तोंडाने अवाक्षर न काढता, कधी लागोपाठ, कधी बराच वेळ थांबून. महानंदाचे डोळे मिटलेले होते. कळणाऱ्या जागी तिने बोट ठेवलं की मी गोल करायचे, नाही कळलं की फुली, आणि वेळ.

मग दोन्ही कागद बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवले. रेखा आधी हसत होती, मग हसायची थांबली. माझ्या कागदावर जिथे जिथे फुली, तिथे तिथे तिच्या कागदावर टिंब, आणि वेळ तीच. माझ्या कागदावर जिथे गोल, तिथे तिचा कागद कोरा. महानंदाला जे कळत होतं त्यातलं कस्तुरबाईंना काहीच कळत नव्हतं. तिला जे कळत नव्हतं, तेवढंच त्यांच्याकडे येत होतं.

एक टिंब मात्र जास्तीचं होतं. करंगळीच्या खाली, तळव्याच्या कडेला. त्या वेळेला मी पेन टेकवलेलंच नव्हतं, मी चष्मा पुसत होते. सापडली चूक, म्हणून मला बरं वाटलं... इतकं बरं वाटलं की मी ते मोठ्याने बोलूनही दाखवलं. महानंदाने आपला हात उलटा करून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. त्याच जागी लाल चट्टा उठला होता. मी चष्मा पुसत असताना तिचा हात ओट्यावर टेकला होता, नुकत्याच उतरवलेल्या दुधाच्या पातेल्याला लागून. मला ते दिसलं नव्हतं. तिला कळलं नव्हतं. त्या घरात ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस दोन भिंतींपलीकडे रस्त्याकडे तोंड करून बसलं होतं.

महानंदा तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. "दीड वर्ष मी आत्यांना मनातून नाटकी म्हणत होते," ती म्हणाली. कस्तुरबाईंनी तिला उगी केलं नाही. त्या कागदाकडेच बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "म्हंजी मी आजारी न्हाई व्हय?"

सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेली बाई दीड वर्ष आजारी म्हणून जगली, आणि जिच्या नसा आतून मरत होत्या तिला गावाने ठणठणीत म्हणून लग्नाघरी स्वयंपाकाला नेलं. बावीस वर्षं मी लोकांना आरोग्य म्हणजे काय ते सांगतेय, आणि त्या बाकड्यावर माझंच गणित चुकल्यासारखं वाटलं.

आमच्या मेडिकल ऑफिसरांना मी दोन्ही कागद दाखवले. तरुण आहेत, हुशार आहेत. बराच वेळ बघून म्हणाले, "मॅडम, हे रेकॉर्डला लावू नका." ते कागद माझ्या कपाटात आहेत.

वर्षभर गोळ्या झाल्या. एकही डोस चुकला नाही, कारण कस्तुरबाई समोर बसून गिळायला लावायच्या. दर दोन-तीन महिन्यांनी मी तपासायचे. महानंदाच्या तळव्याची कड जागी झाली, शेजारचं बोट निम्मं जागं झालं, आणि जितकं तिचं परत येत गेलं तितकं कस्तुरबाईंचं ओसरत गेलं. त्या पुन्हा दुकानात बसायला लागल्या. उपचार पूर्ण झाल्याचं कार्ड मी स्वतः भरलं. महानंदा रोगातून पूर्ण बरी आहे. करंगळी मात्र उठली नाही. उशीर झाला होता. तेवढी एक करंगळी अजून कस्तुरबाईंकडे आहे.

डॉक्टरांनी कस्तुरबाईंसाठी नसांच्या जळजळीवरच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मागच्या महिन्यात गेले तर ती पाकिटं दुकानातल्या मांडणीवर, साबणाच्या वड्यांमागे, न फोडता ठेवलेली दिसली. मी रागावले. एवढं भाजतं म्हणता, मग घेत का नाही?

"घेतल्या अन् माझं भाजायचं थांबलं, तर हिच्या बोटाकडं कोन बगावं?" त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांचा हात झटकन मागे आला. मान न वळवता त्यांनी आत आवाज टाकला, "नंदे, हात काढ."

आतून सांडशी उचलल्याचा आवाज आला. "काढला, आत्या."

समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला काही वेगळं वाटलं नाही. साखर घेऊन तो गेला. कस्तुरबाई हात पदराखाली घेऊन बसल्या.

"मॅडम, एक विचारू? माझं आता वय झालं. मी गेल्यावर ह्यो चटका कुनाकडं जाईल? का कुनाकडंच जानार न्हाई? तुमच्या पुस्तकात हाय का काई?"

मी म्हटलं, नाही मावशी, माझ्या पुस्तकात नाही.

"मंग लिवा कुठंतरी. कुनाला तरी ठाव असंल."

म्हणून लिहिलंय. मला याचं स्पष्टीकरण माहीत नाही आणि मी अजूनही करणी-बिरणी काही मानत नाही. महानंदाला मी रोज हात डोळ्यांनी तपासायला शिकवलंय, ती तपासते. पण तापलेलं भांडं आणि आपला हात यांच्यामध्ये डोळे दर वेळी असतातच असं नाही. असं दुसऱ्या कुठल्या घरात कोणी पाहिलं असेल, आणि ते दुसरं माणूस गेल्यानंतर पुढे काय झालं हे माहीत असेल, तर कृपा करून खाली लिहा. कस्तुरबाई दर वेळी विचारतात, कुनाचं आलं का म्हणून.